अब्बांची कात्री आणि चिंटूची डायरी



गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या रावेतच्या सोसायटीत रद्दीवाला आला. वॉचमनने फोन करून वर कळवले, तसे आम्हीही घरातली रद्दी घेऊन खाली उतरलो. सगळ्या मजल्यांवरून माल खाली येत होता. पुठ्ठ्याची खोकी, त्यांच्या आत आणखी खोकी, प्लास्टिकच्या बाटल्या, शाळेच्या भरलेल्या वह्या. रद्दीवाल्याने आमच्या ढिगाकडे पाहून विचारले, "पेपर नाही का, भाईजान?" आम्ही नाही म्हटले. तो हसून म्हणाला, "आता कुणाकडंच नसतो. वजन होतं ते पेपराचंच. खोकी नुसती जागा खातात."

वर आलो तर अम्मी जमिनीवर बसून कपाटाचा खालचा कप्पा आवरत होत्या. रद्दीत टाकायच्या कागदांचा एक ढीग त्यांनी केला होता आणि एक जाडजूड डायरी मात्र त्या ढिगापासून दूर, मांडीवर ठेवली होती. आम्ही हात पुढे केला तशा त्या म्हणाल्या, "ये नहीं देने का. ये तुम लोगों की चिंटू की किताब है."

पंचवीस वर्षांत ती डायरी आम्ही उघडली नव्हती. अब्बा आकुर्डीच्या कारखान्यात होते, तिथे नवीन वर्षाला मिळालेली ती डायरी. तारखांच्या पानांवर वर्तमानपत्रातून कापलेल्या चित्रमालिका खळ लावून चिकटवलेल्या. कागद चहाच्या रंगाचे झालेले. काही ठिकाणी झुरळांनी खळीसकट कोपरे खाल्लेले. आमची मुलगी चौथीत आहे. ती शेजारी येऊन बसली आणि तिने विचारले, "हे काय आहे? मीम्स आहेत का?"

या महिन्यात आम्ही तिच्या या प्रश्नाचे उत्तर लिहायला बसलो आहोत.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही आकुर्डीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. रावेत तेव्हा ग्रामपंचायतीचे गाव. पवनेच्या काठी शेती, मध्ये पायवाटा. सुट्टीत आम्ही भावंडे सायकलवर नदीपर्यंत येत असू. आज जिथे आमची सोसायटी आहे तिथे त्या वेळी ज्वारी डोलत असावी. आमच्या चाळीत सगळे कारखान्यांत कामाला जाणारे. कुणी सोलापूरकडचे, कुणी लातूरचे, कुणी कोकणातले. आमचे घराणे बार्शीकडचे. घरात बोलायची भाषा दखनी, शाळेची भाषा मराठी, आणि दादीची तिलावतीची अरबी. अशा तीन भाषा दोन खोल्यांत नांदत होत्या.

अब्बांची रात्रपाळी सुटली की ते येताना वर्तमानपत्र घेऊन येत. त्याचे वाचन ठरलेल्या क्रमाने होई. अब्बा पहिल्या पानापासून सुरुवात करत आणि चहा संपेपर्यंत कुणाला हात लावू देत नसत. मग अम्मी बाजारभाव आणि निधनवार्ता पाहत. आम्ही भावंडे मात्र मधूनच उघडत असू. आम्हाला एकच जागा ठाऊक होती, चिंटूची.

चिंटू सुरू झाला २१ नोव्हेंबर १९९१ रोजी, पुण्याच्या 'सकाळ'मध्ये. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ही जोडी तो करत असे. तीन-चार चौकटींची पट्टी, रोज नवी. आईपप्पांचा एक खोडकर मुलगा, त्याचे मित्र पप्पू, राजू आणि बगळ्या, मैत्रिणी मिनी आणि नेहा, छोटा सोनू, सतीशदादा, आणि चेंडू अंगणात गेला की रागावणाऱ्या जोशीकाकू. त्यात कुणी राक्षस मारत नसे, कुणी उडत नसे. गृहपाठ, क्रिकेट, आईने सांगितलेले काम, परीक्षेचा निकाल, एवढेच त्याचे जग. पण ते जग रोज सकाळी नव्याने घरात येत असे, आणि उद्या काय होणार हे कळायला उद्यापर्यंत थांबावे लागे.

दादीला देवनागरी वाचता येत नव्हती. ती फजरनंतर कुरआन पढत बसे, मग तसबीह, मग चहा. आमच्यापैकी कुणी शाळेला निघण्याआधी तिच्याजवळ बसून तिला चिंटू वाचून दाखवायचा, असा रिवाजच पडला होता. ती विचारी, "आज क्या किया वो पोरगा?" आम्ही मराठीत वाचत असू आणि तिच्यासाठी दखनीत सांगत असू. ऐकून झाले की ती धाकट्या भावाकडे बोट दाखवून म्हणे, "ये बी वैसाच है." पुण्यातल्या एका मराठी घरातल्या मुलाची खोडी बार्शीच्या म्हाताऱ्या बाईला कळत होती आणि तिला त्यात आपला नातू दिसत होता. आम्हाला मात्र त्यात आणखी एक फायदा होत होता. पुस्तकातली मराठी वेगळी आणि मैदानावरची वेगळी. मित्राला चिडवताना काय म्हणावे, काकूंना कसे विनवावे, पप्पांपुढे सबब कशी सांगावी, ही बोलण्यातली मराठी आम्ही या पट्टीतून उचलली. दादीसाठी रोज भाषांतर केल्याने ती पक्की झाली. शाळेत निबंधाला चांगले गुण मिळू लागले तेव्हा बाईंनी विचारले होते, घरी कोण शिकवते? आम्ही काय सांगणार?

ही कात्रणे भिंतीवर लावायची आमची फार इच्छा होती. पण दादीचा नियम होता की जिथे नमाज होते त्या खोलीत चेहऱ्यांची चित्रे नकोत. आणि आमच्याकडे दोनच खोल्या, दोन्हींत नमाज होत असे. तोड अम्मीने काढली. भिंतीवर नको, डायरीत चिकटवा आणि डायरी कपाटात ठेवा. दादीने मान डोलावली. आमची सोय झाली आणि तिचा नियमही राहिला.

धाकट्याने त्यात एक भर घातली. डायरीच्या एका पानावर, शेवटच्या चौकटीच्या बाहेर, त्याने पेन्सिलने एक मुलगा काढला आहे. डोक्यावर गोल टोपी, हातात वाडगा. वर लिहिले आहे, "मी सलीम. ईदला सगळे आमच्याकडे या. शिरखुर्मा आहे." पुढे कितीतरी पानांवर हा सलीम समासात उभा दिसतो. कधी तो चेंडू आणून देतो, कधी नुसताच हसतो. कुणी त्याला ते करायला सांगितले नव्हते. ज्या मित्रांना तो रोज सकाळी भेटत होता, त्यांच्या घोळक्यात तो आपल्या पायाने जाऊन उभा राहिला. आज धाकटा चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढतो, संगणकावर. परवा फोनवर सलीमची आठवण काढली तर आधी हसला आणि मग बराच वेळ गप्प राहिला.

आमच्या आधीच्या पिढीचे वेड वेगळे होते. मामूंच्या तोंडी वेताळ आणि जादूगार मँड्रेक. ली फॉक या अमेरिकन लेखकाने मँड्रेक १९३४ मध्ये आणि वेताळ १९३६ मध्ये वर्तमानपत्रांतल्या रोजच्या पट्टीसाठीच निर्माण केले. आपल्याकडे १९६४ पासून 'इंद्रजाल कॉमिक्स'च्या पुस्तकांतून ते घरोघरी गेले, मराठीतही. १९९० मध्ये इंद्रजाल बंद झाले. मामू सांगतात, भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या दुकानासमोर बाकावर बसून ते वाचत असत, कारण घरी नेले तर भाडे जास्त पडे.

त्याच इंद्रजालमध्ये १९७६ साली बहादूर आला. केशरी कुर्ता आणि जीन्स घातलेला, डाकूंशी लढणारा आपल्या मातीतला नायक. तो आबिद सुरती यांनी निर्माण केला. 'धर्मयुग' या हिंदी साप्ताहिकात अनेक वर्षे चाललेली 'ढब्बूजी' ही पट्टीही त्यांचीच. १९३५ मध्ये गुजरातेत जन्मलेले, मुंबईत वाढलेले, जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले हे लेखक-चित्रकार. त्यांनी स्वतः सांगितलेली एक हकिगत आमच्या मुलीला फार आवडली. दुसऱ्या महायुद्धाचा काळ. मुंबईच्या गोदीतून सैनिकांना घेऊन जाणारी गाडी हळूहळू जाई आणि गरीब मुले तिच्यासोबत धावत. सैनिक खाऊ फेकत. एकदा कुणी तरी कॉमिक फेकले. मुलांची झोंबाझोंबी झाली, पुस्तक फाटले, आणि आबिदच्या हाती एकच पान लागले, मिकी माऊसचे. ते पान समोर ठेवून त्याने चित्र काढायला सुरुवात केली. एका पानातून पुढे ढब्बूजी आला, बहादूर आला.

मुलीने विचारले, "आणि आता ते काय करतात?" तेही आम्ही तिला सांगितले. २००७ पासून सुरती यांनी मीरा रोडला घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देण्याचे काम हाती घेतले. रविवारी प्लंबर सोबत घेऊन ते दारोदार जात. पहिल्या वर्षी १६६६ घरे पाहिली आणि ४१४ नळ दुरुस्त केले. अम्मींनी हे ऐकले आणि स्वयंपाकघरातल्या आमच्या नळाकडे पाहिले. तो किती दिवस टपटपत आहे हे इथे लिहीत नाही. पिंपरी-चिंचवडला पवनेचे पाणी आमच्या रावेतच्याच बंधाऱ्यावरून उचलले जाते आणि नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी मिळते, एवढे सांगितले म्हणजे अम्मींच्या त्या नजरेचा अर्थ वाचकांना कळेल.

असो. प्रश्न असा की रोजची ती पट्टी गेली कुठे?

एके काळी वर्तमानपत्रे तिच्यासाठी भांडत. १८९५-९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड औटकॉल्ट यांचा 'यलो किड' नावाचा पिवळा झगा घातलेला पोरगा इतका लोकप्रिय झाला की हर्स्ट यांनी पुलित्झर यांच्या वर्तमानपत्रातून चित्रकारालाच आपल्याकडे ओढले. मग दोन्ही वर्तमानपत्रांत दोन चित्रकारांचे दोन यलो किड छापून येऊ लागले. चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' ही मालिका २ ऑक्टोबर १९५० पासून जवळजवळ पन्नास वर्षे चालली. १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री शुल्झ गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची शेवटची पट्टी छापून आली. वाचकांनी एकाच सकाळी दोन निरोप घेतले. 'कॅल्व्हिन अँड हॉब्ज'चे बिल वॉटरसन तर १९८९ मध्येच तक्रार करत होते की वर्तमानपत्रे चित्रमालिकांची जागा कमी कमी करत चालली आहेत. १९९५ च्या ३१ डिसेंबरला त्यांनी आपणहून मालिका थांबवली. आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ली एंटरप्रायझेस या साखळीने आपल्या वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिका मोठ्या प्रमाणात कमी केल्या. ज्या देशात हा प्रकार वाढला, तिथेही तो असा आकसला.

आपल्याकडे कारणे फार निराळी नाहीत. कागद महाग झाला, पाने कमी झाली आणि त्या पानांत जाहिरातीला जागा हवी. पट्टी छापून पैसे मिळत नाहीत, उलट चित्रकाराला द्यावे लागतात. शिवाय रोज एक नवी कल्पना, रोज तीन-चार चौकटी, सुट्टी नाही, आजारपण नाही, हे व्रत घेणारे लोक कुठल्याही काळात थोडेच असतात. चिंटूचे नशीब त्या मानाने चांगले. पुढे तो 'लोकसत्ता'तही छापून येत असे. त्याची पुस्तके निघाली. २०१२ आणि २०१३ मध्ये दोन चित्रपटही आले. पण सकाळी चहाबरोबर घरात येणारा चिंटू वेगळा आणि तिकीट काढून पाहायचा चिंटू वेगळा.

रावेतहून महामार्गाने थोडे पुढे गेले की बालेवाडीला आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे. १९५१ पासून त्यांचा चौकड्याच्या कोटातला कॉमन मॅन रोज सकाळी लोकांना भेटत असे. शेवटची काही वर्षे लक्ष्मण पुण्यात राहिले आणि २६ जानेवारी २०१५ रोजी इथेच गेले. संग्रहालय झाले ही चांगलीच गोष्ट आहे, मुलांना जरूर न्यावे. तरी एक विचार मनात येतोच. रोज उंबऱ्यावर येऊन पडणारी वस्तू पाहायला जेव्हा गाडी काढून जावे लागते, तेव्हा ती घरातून गेलेली असते.

आणि खरे सांगायचे तर सगळा दोष वर्तमानपत्रांवर टाकून चालणार नाही. आमच्या घरातले वर्तमानपत्र आम्हीच बंद केले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. कागदावरून आजार येईल अशी भीती सगळ्यांच्या मनात होती. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघर वर्तमानपत्र टाकण्यावर काही काळ बंदीही घातली. मग बंदी उठली, आजार ओसरला, पेपर टाकणारा मुलगा गेटवर येऊन विचारूनही गेला. आम्ही म्हटले, बघू पुढच्या महिन्यापासून. तो पुढचा महिना अजून आलेला नाही. बातम्या फोनवर मिळत होत्या, मग पैसे कशाला घालवायचे, असा हिशेब आम्ही केला. त्या हिशेबात मुलीला धरायचे राहून गेले.

ती इंग्रजी माध्यमात शिकते. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, त्यामुळे तिला मराठीचा विषय आहे. ती मराठी वाचते, पण गुणांपुरती. बोट ठेवून, एकेक अक्षर सोडवत. त्या रविवारी तिने डायरी उघडली तेव्हाही तसेच वाचायला लागली. पहिल्या पट्टीला तिला बराच वेळ लागला. चौथ्या-पाचव्या पट्टीला ती चित्र पाहून शब्दाचा अंदाज बांधू लागली. दहाव्याला ती हसली, आणि हसल्यावर तिने ते मोठ्याने अम्मींना वाचून दाखवले. दादी ऐकते आहे आणि नात वाचते आहे, हे दृश्य आमच्या घरात तीस वर्षांनी परत आले.

पानं उलटताना एक कात्रण सुटून तिच्या हातात आले. जुनी खळ, वाळून पापुद्रे झालेली. तिने ते सहज उलटे केले आणि विचारले, "हे काय लिहिलंय?" मागच्या बाजूला अर्धा मथळा होता. मोठ्या अक्षरांत एकच शब्द पुरता दिसत होता. संचारबंदी.

आम्ही डायरीच्या सुरुवातीला गेलो. कात्रणांच्या बाजूला अम्मींच्या अक्षरात तारखा आहेत. पहिली तारीख डिसेंबर १९९२ ची. आम्हाला इतकी वर्षे वाटत होते की चिंटू सुरू झाला तेव्हापासून आम्ही तो जमवत होतो. पण चिंटू तर त्याआधी वर्षभर येत होता. मग त्याच महिन्यात कात्रणे का सुरू झाली?

अम्मी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्हारे अब्बा काटके देते थे."

त्यांनी सांगितले ते असे. त्या वर्षी ६ डिसेंबरनंतर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर काय असे हे वाचकांना सांगायला नको. मुंबईच्या बातम्या, फोटो, आकडे. अब्बा रात्रपाळीहून येत, दाराशीच उभे राहून पेपर वाचत आणि घडी घालून शर्टाच्या आत ठेवत. पण आम्ही भावंडे चिंटूसाठी जागी होऊन बसलेलो. पेपर आला नाही असे सांगितले तर आम्ही चौकात जाऊन पाहू, दिला तर पहिले पान पाहू. तेव्हा अब्बांनी अम्मीच्या शिलाई मशीनची कात्री घेतली आणि तेवढी पट्टी कापून आमच्या हातात दिली. बाकीचा पेपर मोरीमागच्या बंबात गेला. आम्हाला वाटले, आपल्यासाठी खास कापून आणली. आम्ही खूश झालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली. तिसऱ्या दिवशी अम्मीने खळ केली.

डायरीतल्या दोन कात्रणांच्या कडा सरळ नाहीत. ती हाताने फाडलेली आहेत. त्यांचीही गोष्ट अम्मींना आठवत होती. ते दोन दिवस अब्बा घराबाहेर पडले नव्हते. कामावरही नाही, चौकातही नाही. पलीकडच्या खोलीतल्या काकांना आमची चिंटूची हाक भिंतीतून रोज ऐकू येत असावी. सकाळी दाराखालून एक कागदाचा तुकडा आत सरकला. नुसती पट्टी, त्यांच्या पेपरातून फाडलेली. बाकीचा पेपर त्यांनीही दिला नाही. का दिला नाही, ते त्यांनाही ठाऊक होते आणि अब्बांनाही. या गोष्टीवर दोघे पुढे कधीच बोलले नाहीत. रमजान ईदला शिरखुर्म्याचा पहिला डबा त्या घरी जाई, एवढे मात्र आम्हाला आठवते. का, ते आता कळले.

अब्बा जाऊन नऊ वर्षे झाली. अल्लाह त्यांची मगफिरत करो. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. अब्बांनी आमच्यापासून जग लपवले असे आम्ही म्हणणार नाही. काही वर्षांनी तेच आम्हाला पहिले पान मोठ्याने वाचायला लावत आणि त्यावर प्रश्न विचारत. पण कोणत्या वयात कोणता तुकडा मुलाच्या हातात द्यायचा, हे ठरवायला त्यांच्याकडे एक कात्री होती आणि कापून देण्यासारखा एक तुकडा होता. आज आमच्या हातात फोन आहे. त्यात बातमी आहे, भांडण आहे, विनोद आहे, जाहिरात आहे आणि सगळे एकाखाली एक सरकत येते. त्यातून तेवढेच कापून मुलीच्या हातात देता येत नाही. द्यायचा तर अख्खा फोनच द्यावा लागतो. चित्रमालिका गेली याचे दुःख आम्हाला आहेच. त्याहून मोठी काळजी ही की सकाळी मुलाला बोलावून "हे घे, हे तुझं," असे म्हणावे असा कागदाचा एक तुकडाही आता आपल्या घरात उरलेला नाही.

मग करायचे काय? जुने दिवस परत आणा असे म्हणणे सोपे आहे, ते येत नाहीत. पण घरात करण्यासारख्या काही गोष्टी आहेत. आम्ही त्या सुरू केल्या आहेत म्हणून सांगतो.

वर्तमानपत्र पुन्हा लावले. सध्या फक्त शनिवार-रविवारचे. मुलांच्या पानावर पहिला हक्क मुलीचा, ते तिला कात्रीने कापून मिळते. चिंटूची पुस्तके निघाली आहेत हे वर लिहिलेच आहे, त्यांतले एक आणले. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत. ते फोनवर न वाचता आम्ही एकेक गोष्ट छापून घेतो, चारसहा पाने होतात. आणि एक नियम केला. वाचलेले दादीला वाचून दाखवायचे. दादीला मराठी चांगली येते, तिला गरज नाही. पण मुलीला ऐकणारे कुणी तरी हवे. ज्या घरात दादी-नानी आहेत, त्या घरात या कामासाठी वेगळा शिक्षक लागत नाही.

वाचकांच्या घरीही एखादी अशी डायरी, एखादी वही, ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला जुना कागद असेल. रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून पाहा, आणि मुलांना शेजारी बसवून पाहा. कात्रणाची मागची बाजूही पाहा. त्या घरात त्या दिवशी काय चालले होते ते तिथे लिहिलेले असते. जे सापडेल ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकांत त्यातले काही छापू, इन्शाअल्लाह.

आता शेवटचे. परवा आमच्याकडे पाण्याचा दिवस नव्हता. संध्याकाळी मुलगी गृहपाठाच्या वहीवर वाकून बसली होती. जवळ जाऊन पाहिले तर पानावर चार चौकटी. पहिलीत डोक्यावर ओढणी घेतलेली दादी, हातात बादली. दुसरीत कोरडा नळ, त्याच्या तोंडून एक फुगा, "आज माझी सुट्टी." तिसरीत दुसरा दिवस, पाणी आले आहे. चौथीत दादी नळ बंद करून दमली आहे आणि तो टपटपतोच आहे. दादी म्हणते, "कल आया नहीं, आज रुकता नहीं!" आणि कोपऱ्यात, चौकटीच्या बाहेर, गोल टोपीतला एक मुलगा पाना घेऊन उभा आहे. त्याला आम्ही ओळखतो.

अम्मींनी चष्मा लावून दोनदा पाहिले. एक शब्द चुकला होता, "पाणि". त्यांनी तो सुधारला नाही. मशीनच्या खणातून कात्री काढली, पट्टी कडेकडेने सरळ कापली आणि आम्हाला म्हणाल्या, "थोडी खळ कर. और कल प्लंबर को बोल."

डायरीच्या शेवटी बरीच पाने कोरी आहेत. चिकटवण्याआधी आम्ही तुकडा उलटून पाहिला. मागच्या बाजूला इंग्रजीची दहा स्पेलिंगे होती, दोन चुकलेली. बाकी काही नव्हते.